आई जागली, आता मी जागते: डोक्यात कचरा साचतोय का?

*डॉक्टरबाई, नमस्कार. माशेलजवळ राहते, वय 48. आई 76 वर्षांची. तिला अल्झायमर असल्याचं तीन वर्षांपूर्वी कळलं, तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे. रात्री दोन-तीनदा उठते, दाराची कडी काढायला जाते, "फुलं आली काय?" म्हणून विचारते. तरुणपणी ती पहाटे तीनला उठून अबोलीचे, जाईचे वळेसर (गजरे) करायची आणि देवळाच्या दारात बसून विकायची. त्या पैशांवर आम्ही दोघं भावंडं शिकलो.*

*मला चार-साडेचार तासांच्या वर झोप नाही. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो तेव्हा बहुतेक वेळा मी जागीच असते. गेल्या महिन्यात मोबाईलवर वाचलं, की मेंदूतला कचरा फक्त गाढ झोपेतच धुतला जातो आणि कमी झोपणाऱ्यांच्या डोक्यात विष साचून अल्झायमर होतो. त्या दिवसापासून होती ती झोपही गेली. घड्याळ बघत पडून राहते. आईनं जन्मभर आमच्यासाठी जागरण केलं, म्हणून तिला हे झालं का? मलाही होणार का? हल्ली स्वयंपाकघरात गेल्यावर कशाला आले तेच आठवत नाही.*

*ओळखीच्या एका बाईंनी "मेंदू शुद्धी"चं किट सुचवलंय. चूर्ण आणि नाकात घालायचं तेल, तीन महिन्यांचे 4,800 रुपये. घेऊ का? कुशीवर झोपलं तर कचरा लवकर निघतो हे खरं का? आईची झोपेची गोळी अर्धी घेतली तर चालेल? मिस्टर बस चालवतात, दमून येतात आणि पडल्या पडल्या घोरायला लागतात. भाऊ वास्कोला असतो, चवथीला, गणपतीत, येतो. "आई तुझ्याकडेच रमते" म्हणतो.*

*एक लेक, माशेल*

ताई,

तुमच्या पत्रातला सगळ्यांत जड प्रश्न तुम्ही मधेच एका ओळीत लिहून टाकलात आणि लगेच किटाकडे वळलात. मी त्या ओळीपासूनच सुरू करते. आईनं तुमच्यासाठी जागरण केलं म्हणून तिला अल्झायमर झाला, असं जगातला कुठलाही डॉक्टर म्हणू शकणार नाही. या आजाराचं सगळ्यांत मोठं कारण वाढतं वय. त्यानंतर जनुकांचा वाटा, रक्तदाब, मधुमेह, रक्तातली चरबी, वर्षानुवर्षं न तपासलेलं कमी ऐकू येणं, अशा कितीतरी गोष्टी एकात एक गुंतलेल्या असतात. त्या गुंत्यातून एक धागा ओढून "हा बघा, फुलांचा" असं दाखवता येत नाही. आणि आणखी एक आठवून बघा. पहाटे तीनला उठणारी बाई रात्री आडवी किती वाजता व्हायची? माझ्या लहानपणी आमच्या वाड्यावरच्या फुलकार बायका दिवेलागण झाली, जेवणं आटोपली की आठाला निजलेल्या असायच्या. लवकर उठणं आणि कमी झोपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या शाळेच्या फीचा हिशेब आईच्या आजाराशी जोडू नका. ती स्वतः शुद्धीत असती तर तिनंही तो जोडू दिला नसता.

आता मोबाईलवर वाचलेल्या गोष्टीबद्दल. ती निव्वळ थाप नाही, म्हणून तर ती माणसाला इतकी घाबरवते. तिच्यातलं खरं आधी नीट समजून घेऊ, कारण ते खरोखर सुंदर आहे आणि ते अशा भीतीच्या बातमीतून तुमच्यापर्यंत पोचलं याचं मला वाईट वाटतं.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण 2 टक्के, पण एकूण ऊर्जेतली जवळजवळ 20 टक्के तो एकटा वापरतो. जिथे चूल सतत पेटती, तिथे राख पडणारच. या राखेत काही प्रथिनांचे तुकडे असतात. त्यांतल्या बीटा-अमायलॉइड आणि टाऊ या दोघांची नावं तुम्ही आईच्या डॉक्टरांकडून ऐकली असतील. हातापायांत, पोटात अशी घाण वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्यांचं जाळं असतं. मेंदूच्या गाभ्यात तसलं जाळं नाही. आम्ही वैद्यकीचं शिक्षण घेत होतो तेव्हा, मेंदू आपली राख जागच्या जागीच जिरवतो, एवढ्यावर हा विषय संपायचा.

2012 साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूभोवतीच्या पाण्यात रंग मिसळला आणि तो कुठे जातो ते पाहिलं. हे पाणी आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आणि कण्यात असतं. एका वेळी साधारण 150 मिलिलिटर, म्हणजे कपभर, आणि दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास नवं तयार होतं. मेंदू या पाण्यात तरंगतो हे आम्हाला ठाऊक होतं. ते मेंदूच्या आतही शिरतं, रक्तवाहिन्यांच्या बाहेरून, बाहीतून हात जावा तसं खोलवर जातं, आणि जाताना पेशींमधली राख घेऊन शिरांच्या कडेनं बाहेर पडतं, हे या प्रयोगात दिसलं. रक्तवाहिन्यांभोवती ताऱ्याच्या आकाराच्या पेशींची पावलं घट्ट बिलगलेली असतात. त्या पावलांवर पाण्यासाठी सूक्ष्म दारं असतात, त्यांचं नाव अ‍ॅक्वापोरिन-4. या व्यवस्थेला ग्लिम्फॅटिक यंत्रणा असं नाव मिळालं.

तुम्ही माशेलच्या आहात, तुम्हाला हे समजावणं सोपं आहे. सांत इस्तेव्हच्या बाजूला गेलात की खाजन शेतं, खाडीकाठची बांध घातलेली शेतं, लागतात. बांधाच्या आत पोय, म्हणजे पाण्याचा चर, आणि बांधाला मानस, म्हणजे पाण्याची दारं. भरतीचं पाणी कितपत आत घ्यायचं, ओहोटीला ते कसं बाहेर सोडायचं, हे मानशीच्या दारांवर ठरतं. दारं धड असतील आणि पोय गाळानं भरली नसेल, तर शेत निरोगी राहतं. मेंदूतली ती पाण्याची दारं मला नेहमी मानशीसारखी वाटतात. आणि ही उपमा मी पुढेही चालवणार आहे, कारण भरती-ओहोटीसुद्धा खरंच आहे.

2013 साली याच मंडळींनी दाखवलं, की उंदीर झोपला की त्याच्या मेंदूतल्या पेशींमधली मोकळी जागा सुमारे 60 टक्क्यांनी वाढते आणि बीटा-अमायलॉइड दुप्पट वेगानं बाहेर जातं. 2019 मध्ये बॉस्टनच्या शास्त्रज्ञांनी माणसांना एमआरआय यंत्रात झोपवून पाहिलं. गाढ झोपेत मेंदूच्या पेशी एकत्र शांत होतात, त्यामुळे क्षणभर मेंदूतलं रक्त थोडं ओसरतं, आणि ती जागा घ्यायला भोवतालचं पाणी लाटेसारखं आत येतं. साधारण दर 20 सेकंदांनी एक लाट. मी तो अहवाल वाचला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, आणि शेजारच्या खोलीत माझी नात झोपली होती. तिच्या डोक्यात या घडीला भरती-ओहोटी चालली असेल, या विचारानं मी बराच वेळ दारात उभी राहिले होते.

पाणी शेवटी जातं कुठे? 2015 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात आणि फिनलंडमधल्या हेलसिंकीत, दोन ठिकाणी, मेंदूच्या वरच्या आवरणात लसीकावाहिन्या सापडल्या. त्या मानेतल्या गाठींपर्यंत जातात. तिथून पुढे रक्त, यकृत, मूत्रपिंड, नेहमीचा रस्ता. पावलो मास्कान्यी नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञानं 1787 मध्येच अशा वाहिन्या पाहिल्याचं लिहून ठेवलं होतं, पण त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. सव्वादोनशे वर्षं गेली.

इथवरचं खरं. आता त्या बातमीनं तुम्हाला जे सांगितलं नाही ते.

पहिलं म्हणजे यातले बरेचसे पुरावे उंदरांचे आहेत, आणि उंदरांच्या बाबतीतही सगळ्यांचं एकमत नाही. 2024 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी वेगळ्या पद्धतीनं मोजलं तेव्हा, उलट झोपेत आणि भुलीखाली रंग मेंदूतून हळू बाहेर पडताना दिसला. मोजण्याची कुठली पद्धत बरोबर यावर अजून वाद चालू आहे. "फक्त गाढ झोपेतच" हे शब्द म्हणूनच चुकीचे. जागेपणीही सफाई चालूच असते. काही राख थेट रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून रक्तात जाते, काही मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी गिळून टाकतात. रात्री दोनला तुम्ही आईला हात धरून बाथरूमला नेता तेव्हा तुमच्या मेंदूची सगळी दारं बंद होऊन बसत नाहीत.

दुसरं. माणसांवरचे आकडे आहेत, तेही सांगते, लपवत नाही. 2018 मध्ये 20 निरोगी माणसांना एक रात्र जागवलं, तेव्हा मेंदूच्या काही भागांत बीटा-अमायलॉइड सुमारे 5 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. वाढ दिसली, आजार झाला नाही. आणि 2021 मध्ये ब्रिटनमधल्या जवळजवळ 8,000 सरकारी नोकरांचा सुमारे 25 वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नाशी-साठीत रोज सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांना पुढे स्मृतिभ्रंश (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) होण्याचा धोका, सात तास झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी जास्त होता. हा आकडा ऐकला की शंभरातल्या तीस जणांना आजार होतो असं वाटतं. तसा त्याचा अर्थ नाही. समजा, सात तास झोपणाऱ्या शंभर जणांत दहांना म्हातारपणी आजार होणार असेल, तर कमी झोपणाऱ्या शंभरांत तो तेरांना होईल. बाकीच्या सत्त्याऐंशींना नाही. शिवाय या आजाराची सुरुवात विसरभोळेपणा दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी होते आणि तो आजार स्वतःच झोप मोडतो. त्यामुळे आधी कोण आणि मागून कोण हे सोडवणं शास्त्रज्ञांनाही कठीण जातं.

2024 साली "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीनं स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणं मांडली. ती सगळी सावरली तर जगातली 45 टक्क्यांपर्यंत प्रकरणं टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा अंदाज. त्या चौदांत रक्तदाब आहे, मधुमेह आहे, बहिरेपण आहे, कोलेस्टेरॉल आहे, एकटेपणा आहे. झोप त्या यादीत नाही. याचा अर्थ झोप महत्त्वाची नाही असा मी काढत नाही. पण ज्या एका गोष्टीची तुम्ही रात्रभर धास्ती घेता, ती सोडून स्वतःचा रक्तदाब शेवटचा कधी मोजलात, हे मला तुम्हाला विचारावंसं वाटतं. मेंदूत पाणी आत ढकलतं कोण? रक्तवाहिन्यांची स्पंदनं. उंदरांत रक्तदाब वाढवला तेव्हा हा प्रवाह मंदावलेला दिसला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर रक्तदाब ताब्यात ठेवणं हे मेंदूसाठी कुठल्याही चूर्णापेक्षा मोठं काम आहे.

स्वयंपाकघरात गेल्यावर विसरणं याबद्दल मला फारशी चिंता वाटत नाही. चार तास झोपलेल्या माणसाचं लक्ष जागेवर नसतं. लक्षच गेलं नाही तर आठवणार काय? फोडणीला मोहरी घ्यायला आलात हे दोन मिनिटांनी आठवतं ना? मग तो दमलेला मेंदू आहे. मोहरी कशासाठी वापरतात हेच सुचेनासं होणं, रोजचा रस्ता चुकणं, पैशांचे व्यवहार न जमणं, हे वेगळं. तरीही तुमच्या वयात तीन गोष्टी बघून घ्या: थायरॉइड, बी-12 आणि हिमोग्लोबिन. साधी रक्ततपासणी आहे. पाळी जायच्या सुमाराला अंगातून वाफा येऊन झोप मोडते, तसं होत असेल तर डॉक्टरांना संकोच न करता सांगा, त्यावर इलाज आहे. आणि मन सारखं उदास राहत असेल तर तेही सांगा. उदासीनंही स्मरणशक्ती मंद होते, आणि उपचारांनी परत येते.

किट घेऊ नका. 4,800 रुपये राहू द्या, त्यांचा उपयोग पुढे सांगते. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक कडक पहारा असतो, पोटात गेलेली बहुतेक द्रव्यं तिथून आत जाऊच शकत नाहीत. मेंदूतली राख चूर्णानं बाहेर निघते असं दाखवणारा एकही भरवशाचा पुरावा माझ्या वाचनात नाही. नाकातून मेंदूपर्यंत तेल जाऊन मळ ओढून आणतं, हेही होत नाही. त्या बाईंशी भांडू नका, त्यांनाही कुणीतरी तसंच सांगितलं असेल. झोपताना कुणी डोक्याला खोबरेल चोळून दिलं तर जरूर चोळून घ्या. त्यानं राख निघत नाही, पण जीव शांत होतो, आणि तुम्हाला त्याची गरज आहे.

कुशीवर झोपण्याची गोष्ट 2015 च्या एका प्रयोगातून आली. भूल दिलेल्या उंदरांत कुशीवर असताना प्रवाह चांगला दिसला. माणसांत ते सिद्ध झालेलं नाही. तुम्हाला जसं बरं वाटेल तसं झोपा.

गोळीबद्दल मात्र मी कडक आहे. आईची गोळी अर्धीही घेऊ नका. दुसऱ्याच्या नावाची गोळी, तीही रात्री आईला सावरायला उठावं लागत असताना, म्हणजे पडण्याला आमंत्रण. शिवाय गोळीची झोप आणि नैसर्गिक झोप सारखी नसते. 2025 मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात झोल्पिडेम या नेहमीच्या गोळीनं उंदीर लवकर झोपले, पण पाण्याच्या त्या लाटा मंदावल्या. आईला ती गोळी कशासाठी दिली आहे आणि ती अजून हवी का, हेही तिच्या डॉक्टरांना पुन्हा विचारा. काही गोळ्यांनी म्हातारी माणसं रात्री जास्त गोंधळतात. फार्मसीतून आपणहून आणलेली सर्दी-खाजेची काही औषधंही तोच घोळ घालतात. मात्र चालू गोळी एकदम बंद करू नका, ते डॉक्टरांच्या सल्ल्यानंच.

तुमच्या मिस्टरांकडे येते. त्यांचं घोरणं तुम्ही शेवटी सहज लिहिलंत, पण मला ते वाचून चैन पडेना. एका रात्री त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसून ऐका. घोरणं मधेच थांबून श्वास बंद पडतो का? मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेऊन पुन्हा सुरू होतो का? सकाळी डोकं जड असतं का, दुपारी बसल्या बसल्या डोळा लागतो का? असेल तर तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. यात रात्रीतून कित्येकदा श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो आणि माणसाला सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही. आठ तास पडूनही झोप झालेली नसते. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. आणि हा माणूस रोज बसभर लोकांना घेऊन अरुंद वळणांच्या रस्त्यावरून जातो. स्लीप स्टडी नावाची तपासणी असते, छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे विचारा. आजार निघाला तर रात्री मास्कमधून हवा देणारं यंत्र मिळतं, वजन उतरवल्यानं फरक पडतो, झोपण्याआधीची दारू बंद केल्यानं पडतो. कुशीवर झोपण्याचा सल्ला खरं तर त्यांना लागू आहे, घोरणं कमी होतं. त्यांना "तुम्ही घोरता" म्हणून सांगू नका, पुरुष ते हसण्यावारी नेतात. "तुमचा श्वास थांबतो, मला भीती वाटते" असं सांगा.

आईच्या रात्रींचंही थोडं करता येईल. या आजारात मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळ बिघडतं. तिन्हीसांजेपासून माणूस अस्वस्थ होतं, रात्री भटकतं, दिवसा पेंगतं. घड्याळाला पुन्हा रस्त्यावर आणणारी मोठी गोष्ट म्हणजे सकाळचा उजेड. पेज घ्यायच्या आधी तासभर तिला अंगणात, तुळशीपाशी बसवा. दुपारी अर्ध्या तासाच्या वर झोपू देऊ नका. चारनंतर चहा नको. रात्री बाथरूमच्या वाटेवर मंद दिवा ठेवा. अचानक, एक-दोन दिवसांत, ती फार बिघडली, ओळखेनाशी झाली, तर आजार वाढला म्हणून गप्प बसू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, यांनी असं होतं, आणि त्या दिवशीच डॉक्टरांना दाखवायचं असतं. मधल्या तपासण्यांसाठी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, न्यूरॉलॉजी विभाग आहे. तिचे कानही तपासून घ्या. ऐकू न आल्यानं गोंधळ दुप्पट होतो.

ती "फुलं आली काय?" विचारते तेव्हा "आता कसली फुलं, ते सगळं संपलं" असं म्हणू नका. "आली, सकाळी करूया" म्हणा. आणि सकाळी खरंच परडीत थोडी अबोली आणि केळीचा दोर तिच्या पुढ्यात ठेवा. नावं विसरतात, नाती विसरतात, पण हातांनी जन्मभर केलेलं काम मेंदूच्या वेगळ्या कप्प्यात असतं, ते फार उशिरापर्यंत टिकतं. वळेसर वाकडा झाला तरी चालेल. दिवसा हात दमले तर रात्र थोडी शांत जाते, हे मी कित्येक घरांत पाहिलंय.

आता भाऊ. ताई, तुम्हाला झोप येत नाही असं तुम्ही लिहिलंय, पण पत्र पुन्हा वाचलं तर दिसतं की तुम्हाला झोपू दिलं जात नाही. चार तासांची झोप हा तुमच्या शरीराचा दोष नाही, घरातल्या कामाच्या वाटणीचा आहे. फोन लांब ठेवा, घड्याळ भिंतीकडे वळवा, झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत बसा आणि पेंग आल्यावरच परत या, सकाळी उठायची वेळ ठरलेली ठेवा, हे सगळं मी सांगेन आणि ते उपयोगाचंही आहे. दुपारी माशेलची दुकानं एक ते चार बंद असतात, तेव्हा आईबरोबर तुम्हीही अर्धा तास आडव्या व्हा. पण आठवड्याच्या सातही रात्री एकाच बाईच्या डोक्यावर असतील, तर यातलं काहीच पुरं पडणार नाही.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात चौदा महिने रात्री मी एकटीनं काढल्या. दिवसा दवाखाना, रात्री त्या. दीर फोंड्याला, हाकेच्या अंतरावर. मी मनातल्या मनात त्यांच्यावर धुमसत राहिले, पण तोंडानं कधी मागितलं नाही, कारण मागणं म्हणजे हरणं वाटायचं. एका सकाळी स्कूटर चालवताना डोळा लागला आणि मी शेतात गेले. हाताला लागलं, तेवढ्यावर निभावलं. दीर भेटायला आले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही कधी बोलला नाहीत." मला राग आला होता, ते दिसत नव्हतं का म्हणून. पण पुढच्या शनिवारपासून ते यायला लागले. रात्री आईजवळ बसायचे, सकाळी तिला पेज भरवून जायचे. सासूबाई गेल्या तेव्हा ते माझ्यापेक्षा जास्त रडले, आणि त्या रडण्यात पश्चात्ताप नव्हता, याचं मला आजही बरं वाटतं.

तुम्ही चवथीपर्यंत थांबू नका. चवथीला घरात गणपतीवरची माटोळी असते, पाहुणे असतात, तेव्हा हे बोलणं होत नाही. या रविवारी फोन करा आणि "जरा मदत कर" असं मोघम म्हणू नका. मोघम मागितलं की मोघमच मिळतं. "दादा, आई रात्री दोन-तीनदा उठते. मला चार तास झोप मिळते. आठवड्यातल्या दोन रात्री मला पूर्ण झोपायला हव्यात. शुक्रवार-शनिवार तू इथे येऊन झोपशील, की त्या दोन रात्रींसाठी बाई ठेवायचा खर्च तू देशील? दोन्हींतलं काय ते बुधवारपर्यंत सांग." तो म्हणेल, आई तुझ्याकडेच रमते. तेव्हा सांगा, रमते ती दिवसा, रात्री तिला फक्त कुणाचा तरी हात हवा असतो, आणि तो तिच्या मुलाचाही चालेल. तोवर, किटाचे ते 4,800 रुपये या महिन्याच्या काही रात्रींसाठी सोबतीला बाई ठेवायला वापरा. मिस्टरांना पहाटे गाडी काढायची असते, त्यांच्याकडून अर्ध्या रात्रीचं जागरण मागू नका. त्यांनी सुट्टीच्या आदल्या रात्री आईजवळ झोपावं, आणि रोज आठ ते दहा तिच्याशी बसावं, म्हणजे तुम्ही आठालाच निजू शकाल. पहाटे तीनला उठणाऱ्या फुलकार बायका निजायच्या तशा.

बोलायला माणूस हवं असतं, तेही सांगते. संगाथ या संस्थेनं आपल्याच गोव्यात स्मृतिभ्रंशाच्या 81 कुटुंबांबरोबर एक अभ्यास केला होता, तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. गावातल्याच प्रशिक्षित बायका घरी जाऊन सांभाळणाऱ्यांचं ऐकून घ्यायच्या, आजार समजावून सांगायच्या, काम वाटून द्यायला मदत करायच्या. मोठी औषधं नव्हती, पण सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा भार हलका झाला. रात्री फारच दाटून आलं तर 14416 हा सरकारी टेली-मानस सेवेचा क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

रक्तदाब मोजून घ्या, तपासण्या करा, आणि पुढच्या पत्रात मला दोनच गोष्टी कळवा: मिस्टरांचा श्वास थांबतो का, आणि दादा कुठल्या वारी येतोय.

तुमची,
डॉक्टरबाई